कोणी धाडली?

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥
कोपर, डोंबिवली
८ नोव्हेंबर १९९८

चि. सरस्वती,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी बोलणी खा. दिवाळीला आलीस, दोन करंज्या तोंडात टाकल्यास आणि "आत्या, कामावर जायचंय" म्हणत पळालीस. तुझा बाप माझा धाकटा भाऊ, तो दर सणाला दोन दिवस राहतो. त्याच्या लेकीला मात्र चहा निवेपर्यंत बसवत नाही. चेंदणी ते कोपर म्हणजे काय सातासमुद्रापलीकडे आहे का?

तुळशीची लग्नं लागली, आता मांडव सुरू होतील. खाडीकाठच्या गावांतून मला बोलावणी आली आहेत. आपल्यात भटजी येतो तो येतो, पण धवलारणीने मांडवात धवल्याची गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी मानत नाही, हे तुला सांगायला नको. तुझी आजी धवलारीण होती. तिने मला धवला दिला. माझ्या पोटी पोर नाही, म्हणून मी तुला द्यायला घेतला. दहावीपर्यंत तू अर्धा उचललास. पुढे कॉलेज, मग कॉम्प्युटर. अर्धा राहिला तो राहिलाच.

सध्या माझा घसा बसला आहे. थंडीचा असेल. पण परवा गावातल्या सहदेवाकडच्या हळदीला आवाज मध्येच असा फाटला की बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा मनात आलं, मी गेल्यावर या गावांत धवला कोण म्हणणार? तेव्हा रविवारची येत जा. मी देते, तू घे. एवढंच मागणं.

आणि तू काय काम करतेस ते एकदा नीट लिही. शेजारीण विचारते, मी "कॉम्प्युटर" म्हणते. तिला वाटतं मी टाळते आहे.

आता आशीर्वाद.
गोदूआत्या


चेंदणी कोळीवाडा, ठाणे
१७ नोव्हेंबर १९९८

प्रिय आत्या,

बोलणी खाल्ली, पोट भरलं. आता माझं ऐक.

नौपाड्यात आमची छोटी कंपनी आहे, ओकसाहेबांची. त्यांनी कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्याचं काम घेतलंय आणि मला तिथे बसवलंय. त्या कारखान्याची सगळी सूत्रं, म्हणजे कुठल्या रंगात काय किती घालायचं ते, कॉम्प्युटरवर असतात. ती बघायला पासवर्ड लागायचा, आणि तो पासवर्ड जो तो चिठ्ठीवर लिहून स्क्रीनलाच चिकटवून ठेवायचा! निम्म्या लोकांचा पासवर्ड 'गणपती'. शेवटी एक सूत्र चोरीला गेलं. म्हणून आता तिथे एक असा सर्व्हर बसवतोय ज्याचं कामच एक, माणसं ओळखायची.

आणि कशी ओळखतो, बघ. प्रत्येकाच्या मशीनमध्ये दोन किल्ल्यांची जोडी तयार होते. एक सगळ्या जगाला वाटायची. दुसरी कोणालाही दाखवायची नाही, अगदी सर्व्हरलासुद्धा नाही. धाकू नावाचा फोरमन दारात, म्हणजे आपल्या स्क्रीनसमोर, आला की सर्व्हर त्याला एक लांबलचक आकडा देतो. धाकूचं मशीन लपवलेल्या किल्लीने त्या आकड्यावर खूण करून परत देतं. ती खूण खरी की खोटी हे वाटलेल्या किल्लीने कोणालाही तपासता येतं, पण तशी खूण करता येते फक्त धाकूला. म्हणजे त्याने गुपित सांगितलंच नाही, तरी पटलं की हाच तो! हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि किती तरी वेळ खिडकीत उभी राहिले. खाली भाजीवाला ओरडत होता, रिक्षा अडल्या होत्या, आणि मला वाटलं, यातल्या कोणालाच ठाऊक नाही की जगात असं काही होऊ शकतं.

आता वाटलेली किल्ली धाकूचीच कशावरून? तर तिच्यावर एका मोठ्या यंत्राची सही असते. त्या सहीच्या कागदाला सर्टिफिकेट म्हणतात. आपण दाखला म्हणू.

हे उभं राहीपर्यंत रविवार मोकळा नाही गं. पण मी काय बसून नाही राहिले. सोबत टेपरेकॉर्डर आणि चार कॅसेट पाठवतेय. उरलेला अर्धा धवला त्यात म्हणून ठेव. मी घरी ऐकून पाठ करते. आहे की नाही युक्ती?

तुझी सरू


कोपर
२ डिसेंबर १९९८

चि. सरू,

टेप पोचला. शेजारच्या परशुरामाने बटणं दाखवली. मी दोन ओळी म्हटल्या, त्याने त्या मला ऐकवल्या. माझाच आवाज डब्यातून येताना ऐकून अंगावर काटा आला. हात जोडले त्या डब्याला. पण पुढे म्हटलं नाही. परत धाडते आहे, रागावू नकोस.

नवी धवलारीण पहिल्यांदा मांडवात उभी राहते तेव्हा गावचा जाणता तिला विचारतो, "कोणी धाडली?" तिने आपल्या देणारीचं नाव घ्यायचं. मग देणारीने सगळ्यांच्या देखत तोंडाने सांगायचं, "मी धाडली. ही म्हणेल तो माझा धवला." त्यानंतर पुढचं सगळं. तुझी आजी माझ्यासाठी असंच बोलली होती. तुझ्या टेपला जाणत्याने विचारलं, तर तो काय सांगणार? शिवाय दर मांडवात नवरीचं, नवऱ्याचं, त्यांच्या गावदेवीचं नाव धवल्यात गुंफावं लागतं. टेप बिचारा जुनीच नावं घेईल आणि नातीच्या लग्नात आजीचं लग्न लावून ठेवेल.

तुझ्या सर्व्हरचं मात्र मला फार नवल वाटलं. गुपित न सांगता ओळख पटवायची! तुझं पत्र मी शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "देवाच्या घरचं काम दिसतंय." पण एक सांग. तुझ्या त्या मोठ्या यंत्राने धाकूच्या दाखल्यावर सही केली, बरं. मग त्या यंत्राला कोणी धाडलं?

घशाला आल्याचा काढा चालू आहे. रविवारचं बघ.

गोदूआत्या


चेंदणी
२० डिसेंबर १९९८

प्रिय आत्या,

त्याला कोणी धाडलं? तुझा प्रश्न मी जसाच्या तसा ओकसाहेबांना विचारला. ते म्हणाले, "तुमच्या आत्याबाईंना इकडे नोकरीला घेऊन या."

मग त्यांनी मला दाखवलं. सही करणाऱ्या यंत्राचा स्वतःचाही दाखला असतो, त्याच्यावर वरच्याची सही असते. असं वर वर जात सगळ्यात वरच्याशी पोचलं, की त्या दाखल्यावर देणारा आणि घेणारा, दोन्ही जागी एकच नाव! त्याने स्वतःच स्वतःला सही दिलेली. त्याच्या मागे कोणी नाही. सर्व्हरला आपण नुसतं सांगून ठेवायचं, याच्यावर विश्वास ठेव. आत्या, एवढी डोकं फिरवणारी गणितं, आणि तळाशी जाऊन बघावं तर काय? विश्वास. मला आपल्या गावदेवीचा शेंदूर लावलेला दगड आठवला. तिला कोण विचारतं, तुला कोणी धाडलं म्हणून? मी खरंच मनातल्या मनात नमस्कार केला.

पण आता त्या सर्व्हरने अंत बघायला घेतलाय. नवा दाखला दिला की तो त्या माणसाला दारातूनच हाकलतो. आम्ही सगळं पुन्हा तपासतो, काही सापडत नाही, वैतागून चहाला जातो. परत येऊन बघावं तर तोच माणूस, तोच दाखला, आणि सुखाने आत! शिपाई दगडू म्हणतो, "म्याडम, चहाचा गुण हाय." काल ओकसाहेबांनी नारळ फोडायला लावला. फोडला, खोबरं वाटलं, आणि खरंच चाललं! पुढच्या माणसाच्या वेळी पुन्हा नाही. माणशी एक नारळ म्हणजे रंगाच्या कारखान्यात चटणीच करायची बाकी.

याचा छडा लागेपर्यंत मला हलता येणार नाही. थोडी कळ काढ. गार हवेचा घसा आहे, मिठाच्या गुळण्या कर, बरा होईल.

सरू


कोपर
६ जानेवारी १९९९

चि. सरू,

गार हवेचा घसा नाही गं.

घशात गाठ आहे. तुझ्या बाबाला घेऊन मी नौपाड्यातल्या डॉक्टरकडे गेले होते. तुझ्या ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर. तुला कळवायचं नाही अशी त्याला मीच शपथ घातली होती, त्याच्यावर चिडू नकोस. डॉक्टरने नळी घालून बघितलं, मुंबईहून तपासणी आणवली. चांगला आहे, नुकतंच मिसरूड फुटल्यासारखा दिसतो. म्हणाला, "आजी, जीव वाचवायचा तर आवाज जाईल." ऑपरेशन फेब्रुवारीच्या सुरुवातीला.

मला भीती वाटत नाही असं लिहिणार होते, पण वाटते. जन्मभर या आवाजावर पोट भरलं, मान मिळवला. भांडले तीही याच आवाजाने. त्याहून मोठी भीती दुसरीच. अर्धा धवला कुठे लिहिलेला नाही, टेपमध्ये नाही, तो माझ्या घशात आहे. आणि तो घसा डॉक्टर काढून घेणार आहे.

आता रविवारची वगैरे नाही. ये.

गोदूआत्या


चेंदणी
८ जानेवारी १९९९

आत्या,

हे पत्र तुला मिळेल त्याच्या आधी मी तुझ्या दारात असेन. तरी लिहिते आहे, कारण कपडे भरून झाले आणि नुसतं बसवत नाही. मी तुला गुळण्या करायला सांगितलं! बाबांशी बोलत नाहीये. आज संध्याकाळी बोलेन.

ओकसाहेबांना रजा मागताना रडू आलं. ते म्हणाले, "जा तुम्ही. नारळ आम्ही फोडतो."

येते.
सरू


चेंदणी
१६ फेब्रुवारी १९९९

प्रिय आत्या,

दवाखान्यात भेटीला येते तेव्हा तुझ्या गळ्यावरची पट्टी बघून मला नुसतं रडू येतं आणि तू डोळे वटारतेस. म्हणून लिहून देतेय. नर्सबाई वाचू देतील.

जानेवारीचे ते दिवस मी जन्मात विसरणार नाही. तू ओळ म्हणायचीस, मध्ये थांबून कोमट पाणी प्यायचीस, पुढचा तुकडा म्हणायचीस, मी मागोमाग. शेवटी शेवटी तर आवाज नव्हताच, नुसते ओठ. मी ओठांवरून घेतलं. घेतलं खरं, पण ते तुझ्यासारखं आलंय का, हे सांगायला आता तुझ्याकडे आवाज नाही.

तुला हसवते थांब. सर्व्हरचा छडा लागला. कामावर परतले, नोंदी शांतपणे वाचल्या, आणि डोक्यावर हात मारला. प्रत्येक दाखल्यावर लिहिलेलं असतं, हा अमक्या वेळेपासून खरा धरावा. सही करणारं यंत्र कारखान्याच्या मॅनेजरच्या खोलीत आहे. ते साहेब डोंबिवलीचे, लोकल गाठायची घाई अंगात मुरलेली. कोणाची कंपनीची बस चुकू नये म्हणून त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे ठेवलंय, आणि यंत्राची वेळ कोणीतरी भिंतीवर बघून लावली! म्हणजे दाखला मिळायचा आत्ता आणि जन्मायचा पंधरा मिनिटांनी. सर्व्हरचं घड्याळ बरोबर. तो बिचारा म्हणायचा, हा माणूस अजून जन्मलाच नाही. आम्ही चहा पिऊन येईपर्यंत जन्मायचा! आपल्याकडे कुठल्या घरातलं घड्याळ बरोबर असतं गं? परदेशी पुस्तकात हा रोग कसा सापडणार?

आता दोनशे माणसं रोज त्या दारातून जातात. पहिल्या दिवशी मी नुसती बघत बसले. सर्व्हर प्रत्येकाला, प्रत्येक वेळी, नवा आकडा देतो. कालचं उत्तर आज चालत नाही. कोणी चोरून उतरवून घेतलं तरी फुकट. तेव्हा तुझं पत्र आठवलं, मांडवागणिक नवी नावं गुंफायची. ज्या विद्येचं मला एवढं अप्रूप वाटतंय ती आपल्या चुलीपाशी केव्हापासून बसली होती, आणि मी तिला टेपरेकॉर्डर पाठवत होते.

सरू


कोपर
२० मार्च १९९९

चि. सरू,

घरी येऊन बरेच दिवस झाले. पाटीवर लिहून बोलते. शेजारणीशी भांडायला पाटी फार लहान पडते.

घड्याळाचं वाचून हसले. हसताना आवाज निघाला नाही, नुसते खांदे हलले. सवय होईल.

आता कामाचं. वैशाखात रखमाबाईच्या नातीचं, शेवंतीचं लग्न आहे. रखमाबाईचं लग्न मी लावलं, तिच्या लेकीचंही मीच. ती म्हणते, तुझी भाची म्हणेल. पण जाणता भिवाजी रीतीला पक्का आहे. "कोणी धाडली?" विचारणार, तू माझं नाव घेणार, आणि मग तो माझ्याकडे बघणार. देणारीने तोंडाने सांगायचं, आणि देणारी मुकी. त्यात तुझं लग्न झालेलं नाही, हेही तो काढेल.

पाटीवर लिहून दाखव म्हणशील? मांडवातल्या निम्म्या बायकांना वाचता येत नाही. आणि पाटीवर काय, कोणीही काहीही लिहील.

तरी तू उभी राहा. एक लग्न धवल्याविना लागलं की दुसऱ्याला कोणी विचारणार नाही. बँड लावतील आणि मोकळे होतील. तुझ्या आजीपासून आलेलं आपल्या दोघींच्या डोळ्यांदेखत संपेल. मी समोर बसेन. माझ्याकडे बघू नकोस, बघितलंस तर रडशील.

गोदूआत्या


चेंदणी
४ मे १९९९

आत्या,

मला माफ कर. तुला न भेटता पळून आले. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

भिवाजीबाबांनी विचारलं, "कोणी धाडली?" मी म्हटलं, "गोदूबाईंनी." ते तुझ्याकडे वळले. तू हात छातीवर ठेवलास. ते म्हणाले, "गोदू तं बोलत नाय. मंग आमी कसं मानायचं?" मांडवात कुजबुज झाली. मग म्हणाले, "गा आधी. मंग बघू."

सुरुवात नीट झाली. नावं गुंफली, बायकांनी मागे धरलं. मला वाटलं, जमतंय. आणि पाठवणीची ती लांब ओळ आली. घरी शंभरदा म्हटलेली. हातात हळदीचं ताट, समोर शेवंतीचे डोळे भरलेले, आणि ओळीच्या मधोमध माझा दम संपला. आवाज तुटला. हुंदका आल्यासारखा काहीतरी भलताच आवाज निघाला. कसाबसा पुढचा शब्द उचलला. पण मागच्या सगळ्या बायका गप्प! एकीनेही ओळ धरली नाही. मी एकटीच म्हणत राहिले. नंतर त्यांनी धरलं, ते माझी कीव येऊन. मान खाली घालून संपवलं, ताट ठेवलं आणि मागच्या दाराने निघाले. कोणी थांबवलं नाही, मानाचा नारळही दिला नाही. तेच बरोबर होतं.

तू मला सगळं दिलंस आणि मी ते तुझ्यासमोर, सगळ्या गावासमोर तोडलं. दोनशे माणसांची ओळख पटवणारा सर्व्हर उभा करता आला, पण तुझी भाची म्हणून माझीच ओळख पटवता आली नाही.

सरू


॥ आई एकवीरा प्रसन्न ॥
कोपर
९ मे १९९९

चि. सरस्वती,

मान न घेता पळालेली धवलारीण या खाडीकाठाने पहिल्यांदाच पाहिली. नारळ आणि खण परशुरामाच्या हाती पाठवते आहे. नारळ भिवाजीच्या हातचा आहे, त्याची चटणी करू नकोस.

तू मान खाली घालून उभी होतीस. तुला काय दिसलं? तुझ्या पायाची बोटं. मी समोर बसले होते. मला काय दिसलं ते ऐक.

अगं वेडे, त्या ओळीवर माझाही श्वास तुटायचा. दर लग्नात, त्याच शब्दावर, तसाच हुंदक्यासारखा. तुझ्या आजीचाही तुटायचा. ओळ लांब आहे आणि आपल्या घराण्याचा दम आखूड, बाकी त्यात काही नाही. तुला ती खोड लागू नये म्हणून शिकवताना मी तिथे मुद्दाम थांबून पाणी प्यायचे आणि ओळ दोन तुकड्यांत द्यायचे. म्हणजे मी तुला ते दिलंच नाही. आणि लहानपणी माझ्याबरोबर मांडवात यायचीस तेव्हा पाठवणीपर्यंत तू माझ्या पिशवीवर डोकं ठेवून झोपलेली असायचीस. कुठून आला तुला तो श्वास? पाच दिवस मी हाच विचार करते आहे आणि पाच दिवस माझ्या अंगावरचा काटा गेलेला नाही.

त्या मांडवातल्या निम्म्या बायकांची लग्नं मी लावली. प्रत्येकीने अंगाला हळद लागलेली असताना, बाप समोर उभा असताना, तो तुटलेला श्वास ऐकलेला आहे. त्यांना अक्षर ओळखता येत नाही, पण तो श्वास त्या झोपेतही ओळखतील. म्हणून गप्प झाल्या, सरू. गाणार कशा? पदर तोंडात होते. रखमाबाईने माझी मांडी घट्ट धरली आणि म्हणाली, "अगो, ही तं आपली गोदूच गो!" मग तीच आधी सावरली, तिने ओळ धरली, तिच्या मागे बाकीच्या.

भिवाजी माझ्यासमोर आला. मला वाटलं, आता विचारणार. त्याने मला काही विचारलं नाही. बायकांकडे बघितलं, कोपऱ्यातला नारळ उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गोदू बोलली. आता कोनाला काय इचारायचं?" तुला शोधलं, तर मागचं दार उघडं.

अधिक महिना निघाला की ज्येष्ठात दोन मांडव आहेत. बोलावणी माझ्या नावाने आलेली नाहीत, तुझ्या नावाने आली आहेत. ओकसाहेबांना आत्ताच सांगून ठेव.

त्या मिसरूड फुटलेल्या डॉक्टरकडे परवा तपासायला गेले होते. वाईट तोंड करून म्हणाला, आजी, तुमचा आवाज गेला. मी पाटीवर लिहून दिलं, गेला खरा, पण लांब नाही. चेंदणीला राहायला गेलाय.

तुझी
गोदूआत्या